बुडालेल्या पैशाचं ऋण

एखाद्या तरुणाच्या धंद्यात आपण पैसे घातले आणि धंदा बुडाला, तर तो आपला ऋणी राहतो का? कायद्याचं उत्तर सरळ आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद पडली की आधी कामगारांची, बँकेची, सरकारची, व्यापाऱ्यांची देणी भागवायची; त्यातून काही उरलंच तर शेअरवाल्यांनी वाटून घ्यायचं. नाही उरलं तर विषय संपला. मुलाच्या घरावर किंवा त्याच्या आईच्या अंगावरच्या सोन्यावर शेअरवाल्याचा हक्क पोचत नाही. पण ऋण ही कोर्टात संपणारी गोष्ट आपल्याकडे कधीच नव्हती. ते मेल्यावरही माणसाच्या मागं जातं, असं मानणारी माणसं माझ्या आसपास आजही आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोडीत काढायची माझी तयारी नाही.

मी सांगलीची. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर आम्ही ओळखीच्या काही जणांनी मिळून या भागातल्या तरुणांच्या नव्या धंद्यांत थोडेथोडे पैसे घालायला सुरुवात केली. आमच्यात एक सीए आहेत, एक डॉक्टर, एक द्राक्षबागायतदार. प्रत्येकाचे दोन-तीन लाख, बदल्यात कंपनीचे शेअर. व्याज नाही, तारण नाही, जामीनदार नाही. याला एंजल इन्व्हेस्टिंग म्हणतात. पुण्या-बंगळूरच्या मानानं आमचं काम अगदी लहान, पण प्रश्न सगळीकडे एकच.

तासगाव भागातला एक मुलगा आमच्याकडे आला होता. मेकॅनिकल इंजिनिअर, घरी अडीच एकर बाग. बेदाणा कसा होतो ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची आणि वाळायची वाट बघायची. मार्च-एप्रिलात त्यावर अवकाळी पावसाचं एक सावट आलं की माल काळा पडतो आणि सौद्यात दर कोसळतो. या मुलानं ट्रॉलीवर बसणारं गरम हवेचं वाळवणी यंत्र तयार केलं होतं, लहान शेतकऱ्याला चार दिवस भाड्यानं नेता येईल असं. यंत्र चांगलं होतं. आमच्या बागायतदार मित्रानं स्वतःच्या मालावर ते वापरून पाहिलं होतं.

पहिल्या हंगामात पाऊस आला, यंत्रं फिरली, पण भाडं उधारीवर गेलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा माल विकल्यावर येतो, आणि दर चढेल म्हणून तो बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून देतो. पुढच्या हंगामासाठी त्या मुलानं आणखी यंत्रं बांधायला टाकली आणि त्या साली आभाळ कोरडं राहिलं. बुकिंगं रद्द झाली. फॅब्रिकेशनवाल्याची बिलं तुंबली, मागची उधारी वसूल होईना, खेळतं भांडवल संपलं. यंत्रं विकून त्यानं लोकांची देणी भागवली आणि कंपनी बंद केली. आमच्यासाठी काही उरलं नाही.

मग एके दिवशी तो आईला घेऊन माझ्याकडे आला. आईनं रुमालाची गाठ सोडून दोन पाटल्या टेबलावर ठेवल्या.

"ताई, ह्या ठेवून घ्या. ह्याच्यात जेवढं फिटंल तेवढं फिटंल. कुणाचं ऋण डोक्यावर घेऊन मला जायचं नाही. पुढच्या जन्मी तुमच्या दारात बैल व्हायला लागंल."

तो मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला आधीच सांगितलं होतं की तू आमचं काही लागत नाहीस. त्याला ते पटलंही होतं, कारण त्यानं करारनामा वाचला होता. आईनं तो वाचलेला नव्हता, पण तिच्या बोलण्यामागं दीड-दोन हजार वर्षांचा आधार होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहाराचा जो भाग आहे, त्यात ऋणादानाचं प्रकरण पाहावं. कर्ज न फेडता मेलेला माणूस धनकोच्या घरी दास किंवा पशू होऊन जन्मतो असं कात्यायन सांगतो. नारदाचं म्हणणं तर असं की तपस्वी किंवा अग्निहोत्री जरी कर्जात मेला, तरी त्याचं सगळं पुण्य धनकोच्या खात्यात जमा होतं. पैशाचं देणं आणि पुण्याचं देणं एकाच वहीत लिहिणारा हा समाज आहे. त्या माऊलीला "तसं काही नसतं हो" म्हणून वाटेला लावणं मला जमणारं नव्हतं. तिला तिच्याच परंपरेतून उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते उत्तर तिथं आहे.

कारण त्याच स्मृतींमध्ये कर्जाचं प्रकरण वेगळं आहे आणि भागीदारीचं वेगळं. अठरा व्यवहारपदांत संभूयसमुत्थान नावाचं एक पद आहे: अनेकांनी भांडवल किंवा श्रम एकत्र आणून केलेला व्यापार. याज्ञवल्क्य तिथं सांगतो की एकत्र व्यापार करणाऱ्यांनी नफा आणि तोटा दोन्ही आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात, किंवा जसं ठरलं असेल तसं वाटून घ्यावं. तोटा वाटून घेणाऱ्याला धनको म्हणत नाहीत. पुढं तो भागीदारानं भरपाई कधी द्यायची तेही सांगतो. मनाई असलेलं काम केलं, इतरांना न विचारता केलं किंवा हयगयीनं नुकसान केलं, या तीन कारणांनी. आणि उलट, संकटातून माल वाचवणाऱ्या भागीदाराला त्यातला दहावा हिस्सा द्यावा, असंही तो म्हणतो. ठेवीच्या बाबतीतही हाच न्याय आहे. राजानं नेली, चोरांनी नेली किंवा दैवानं गेली, तर ठेव सांभाळणाऱ्यावर दोष नाही.

मी त्या बाईंना हे माझ्या शब्दांत सांगितलं. मग त्यांच्यासमोर मुलाच्या वह्या काढल्या. दर महिन्याला तो आम्हाला हिशेब पाठवत असे: किती यंत्रं कुठं गेली, कुणाकडं किती अडकलं, बँकेत शिल्लक किती. यंत्रं उधारीवर भाड्यानं देण्याचा निर्णय त्यानं आम्हाला विचारून घेतला होता. नवी यंत्रं बांधण्याचाही. कंपनीच्या पैशातून त्यानं घराला रंगसुद्धा लावला नव्हता. मनाई असलेलं काही केलं नाही, न विचारता केलं नाही, हयगय केली नाही. उरलं ते आभाळ. "त्याचं देणं ह्याच्याकडं कसं लागेल?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ त्या वह्यांकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं बरोबर असंल ताई. पण जीव मानत नाही." पाटल्या त्यांनी परत नेल्या. मात्र त्यानंतर दर हंगामात घरच्या बेदाण्याची एक पिशवी माझ्याकडे येते आणि मी ती ठेवून घेते. माझ्या लेखी ते देणं नाही, त्यांच्या लेखी आहे, आणि त्यांच्या मनाला जे हलकं वाटतं ते नाकारण्याचा मला काय अधिकार?

इथं कुणी म्हणेल, मग देऊनच टाका ना पैसे, दान म्हणा. हे मला मान्य नाही, आणि हा मुद्दा थोडा लांबवणार आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची शक्यता नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. फळ मनात धरून दिलेलं ते राजस. या मापानं आमचा पैसा सरळसरळ राजस आहे. आम्ही फळ मनात धरूनच देतो आणि तसं कागदावर लिहूनही देतो. ते दान आहे असं म्हणून आम्ही स्वतःला मोठं करून घेतलं, तर त्या तरुणाला लहान करतो. दान घेणाऱ्याला हिशेब विचारत नाहीत. त्याच्याशी किमतीवरून भांडत नाहीत. भागीदाराशी भांडतात. बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला "तुझं गणित चुकलंय" असं तोंडावर सांगणं हा त्याचा मान आहे. मुकाट्यानं चेक फाडून देणं हा त्याचा अपमान होऊ शकतो.

इतर धर्मांनीही हा विचार केलेला आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू पंडितानं दानधर्माच्या आठ पायऱ्या लावल्या, आणि सर्वांत वरची पायरी गुप्तदानाला दिली नाही. पडत्या माणसाला कर्ज देणं, त्याच्याबरोबर भागीदारी करणं, त्याला काम देणं, म्हणजे पुन्हा कुणापुढं हात पसरायची वेळ त्याच्यावर येणार नाही, ही ती पायरी. इस्लामी कायद्यात व्याज निषिद्ध, पण मुदारबा मान्य आहे: एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, नफा ठरलेल्या प्रमाणात. तोटा झाला तर भांडवलवाल्याचे पैसे जातात आणि कष्ट करणाऱ्याचे कष्ट जातात. दोघांचंही गेलेलंच असतं, म्हणून कुणी कुणाचं लागत नाही. आमच्या पाटल्यांच्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्या मुलाची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली होती. ती त्याला कोण परत देणार होतं?

आपल्या सरकारलासुद्धा हा पैसा नेमका काय आहे हे ठरवायला वेळ लागला. २०१२ मध्ये प्राप्तिकर कायद्यात आलेल्या तरतुदीनं, शेअरची किंमत वाजवी मूल्याहून जास्त घेतली तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून तिच्यावर कर बसू लागला. लोक त्याला एंजल टॅक्स म्हणत. ज्या कंपनीचं यंत्र अजून कागदावर आहे तिचं वाजवी मूल्य कोण कसं काढणार? २०२४ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद रद्द करण्यात आली.

आता तुकोबांकडे येते, कारण आमच्या भागात पैशाच्या वैराग्याची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्यांचंच. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट मराठी मुलाला कळत्या वयातच कळते. पण तिच्यातला एक तपशील कीर्तनात भरभर निघून जातो. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी त्यांना देऊन टाकली आणि आपली निम्मी तेवढी पाण्यात सोडली. मला या वाटणीचं मोल वैराग्याइतकंच वाटतं. माफ करायचा अधिकार आपल्या वाट्यापुरता असतो, हे त्या क्षणीही त्यांनी सोडलं नाही.

बँकेच्या खुर्चीत बसून मी हेच सांभाळलं. समोर येणारा मुलगा प्रामाणिक आहे हे दिसत असूनही मी तारण मागितलं, जामीनदार मागितले. लोकांना ती निर्दयता वाटायची. पण त्या खुर्चीतला पैसा माझा नव्हता. तो शिक्षकांच्या फंडाचा होता, विधवांच्या ठेवींचा होता. दुसऱ्याची खतं नदीत सोडायचा मला अधिकार नव्हता. म्हणून आमच्यात येऊ बघणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते की हा पैसा कुणाचा? घरातल्यांना न विचारता काढलेला, आजारपणासाठी राखलेला, मुलीच्या शिक्षणाचा पैसा घेऊन कुणी आलं तर त्याला मी परत पाठवते. असा पैसा बुडाला की तो माणूस मनातून धनको होतो, मग करारात काहीही लिहिलेलं असो. जो पैसा गेल्यावर आपली रात्रीची झोप जाणार आहे, तो जोखमीत घालणं हा स्वतःवरचा अन्याय, आणि त्याहून जास्त समोरच्या पोरावरचा.

आणि एक फसवा प्रकार आहे, ज्याची मला खरी चीड आहे. म्हणायचं भागीदार, आणि करारात कलमं घालायची सावकाराची. अमुक टक्के परतावा मिळालाच पाहिजे. अमुक वर्षांत आमचे शेअर संस्थापकानं स्वतःच्या पैशानं विकत घेतलेच पाहिजेत. कंपनीच्या देण्याला त्याची वैयक्तिक हमी. कंपनी विकली गेली तर आधी आमची रक्कम, तीही दुप्पट-तिप्पट, आणि मग उरलं तर तुमचं. नफ्यात वाटा घ्यायचा पण तोट्याला हात लावायचा नाही, असा हा हिशेब. शास्त्रानं दोन स्वतंत्र प्रकरणांत ठेवलेल्या गोष्टी एका कागदावर आणून दोन्हींचा फायदा घ्यायचा. एका मुलीनं मला असा इंग्रजी करारनामा दाखवला होता, चाळीसेक पानांचा. फळांच्या गराचा तिचा धंदा. तिनं त्यावर सही करायची तयारीही केली होती. "वकील म्हणाले स्टँडर्ड आहे," म्हणाली.

मला सुप्याची आठवण झाली. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खतपत्रं काढली आणि जाळली. पाहता पाहता ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसांना मारणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांचा राग कागदावर होता, कारण त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात दस्त सरकारी निबंधकासमोर व्हावेत अशी व्यवस्था करावी लागली, ती यासाठीच. त्या मुलीला इंग्रजी उत्तम येत होतं. तरी ती अंगठाच उठवत होती.

अर्थसाक्षरता म्हणून जे शिकवतात त्यात बचत, विमा, म्युच्युअल फंड असं पुष्कळ येतं आणि ते हवंच. पण धंदा काढणाऱ्या मुलांना मी त्याआधी दोन गोष्टी वहीवर करून दाखवायला लावते. पहिली म्हणजे लागत. त्या मुलीनं गराच्या एका किलोची लागत काढून आणली होती: फळ, साखर, पाउच, वाहतूक. मी विचारलं, तुझा पगार कुठाय? वडिलांच्या शेडचं भाडं? घरच्या मीटरवरची वीज? दुपारी आई पॅकिंगला बसते, तिची मजुरी? तिनं ते सगळं धरलं तेव्हा प्रत्येक किलोमागं ती तोट्यात विकत होती, आणि तो तोटा तिची आई भरत होती. ती एकदम गप्प झाली आणि मग दर वाढवायच्या कामाला लागली. घरच्या माणसांचे कष्ट फुकट धरणं हे मला हिशेबातलं असत्य वाटतं, आणि असत्य म्हणते ते यमनियमांतल्या अर्थानं.

दुसरी गोष्ट म्हणजे हिस्सा. नव्वद लाखांची कंपनी धरून कुणी दहा लाख घातले तर कंपनी एक कोटीची झाली आणि त्याचा वाटा दहा टक्के, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढं आणखी दोघांनी पैसे घातल्यावर आपला वाटा किती उरतो, आणि कंपनी साठ लाखांना विकली गेली तर आधी दुप्पट-तिप्पट घेणाऱ्या त्या कलमाप्रमाणं आपल्या हातात काय पडतं, हे तिला पेन्सिलीनं करायला लावलं. उत्तर शून्य आलं. तिनं सही केली नाही. वाटाघाटी करून ती कलमं बदलून घेतली आणि मगच पैसे घेतले. गुंतवणूकदारही वाईट माणसं नव्हती. त्यांना ते कलम कुणी कधी विचारलंच नव्हतं.

पैसा आणि हिशेबाची शिस्त एकाच हातानं दिल्याची जी उदाहरणं आहेत, त्यांत लिज्जतचं मला सर्वांत मोठं वाटतं. १५ मार्च १९५९, मुंबईचं गिरगाव. सात बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. छगनबाप्पांनी पैशाबरोबर काय दिलं ते पाहा. धंदा धंद्यासारखाच चालवा, हिशेब चोख ठेवा, माल एकाच प्रतीचा काढा. आणि बायकांनी ठरवलं की तोटा आला तरी कुणाकडं देणगी मागायची नाही. आज तिथं चाळीस हजारांहून जास्त बहिणी आहेत आणि नफा-तोटा त्या आपसात वाटून घेतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं संभूयसमुत्थान गिरगावच्या गच्चीवर पुन्हा उभं राहिलं, आणि त्याच्या मुळाशी ऐंशी रुपये होते.

याहून जुनं उदाहरण आमच्या शेजारचंच. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, भांडवलाचीही सोय केली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी जो नांगर घेत नव्हते, त्या नांगराच्या कारखानदाराला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली होती.

आता नफ्याची बाजू. तोटा झाला तर ऋण उरत नाही, हे मी मांडलं. नफा झाला तर? समजा छगनबाप्पांनी ऐंशी रुपये उसने न देता दहा टक्के हिस्सा घेतला असता, तर आजही प्रत्येक पापडातला दहावा भाग न लाटणाऱ्या कुणाच्या तरी वारसांकडे जात राहिला असता. ते न्याय्य झालं असतं का?

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं मोजतो: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी ती सविस्तर उलगडली आहेत. धंद्याला ही पाच लावून पाहिली की सगळ्यांचाच अहंकार उतरतो. तरुण कर्ता आहे, पण एकटा नाही. आमचा पैसा साधनांत येतो, एका कोपऱ्यात. कारागीर आहेत, पहिल्या दिवशी विश्वासानं माल घेणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि दैव आहे, म्हणजे त्या साली पाऊस आला की नाही. पाचातल्या एकाला सगळं फळ मागता येत नाही. पैशाला वाटा आहे, कारण जोखमीच्या दिवशी तो आला. पण त्या वाट्याला हद्द असावी, असं मला वाटतं. आपल्या परंपरेत ती हद्द होती. दामदुपटीचा नियम मनूपासून आहे: व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त घेता येत नाही. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्याच्या कोर्टांनी हा नियम हिंदू ऋणकोंना लावला. पैशाची भूक कुठं तरी थांबली पाहिजे, हे कुणी तरी कायद्यात लिहून ठेवलं होतं.

आमचे सीए मित्र हे मानत नाहीत, आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. दामदुपट तारण घेणाऱ्या सावकारासाठी आहे, ते म्हणतात. कौटिल्यानं धर्म्य व्याज महिन्याला सव्वा टक्का ठरवलं, व्यापाराला पाच, रानातून जाणाऱ्यांना दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्यांना महिन्याला वीस टक्के. म्हणजे जोखमीच्या पैशाला वर्षाच्या आत दुप्पट व्हायची मोकळीक तुमच्याच ग्रंथांनी दिलीय. शिवाय दहा मुलांतल्या बहुतेकांत आपला पैसा जातो. जो एक वर येतो त्यानंच तो भरून काढायचा असतो. हद्द घातली तर अकराव्या मुलाला द्यायला पैसा कुठून आणणार?

मी त्यांना म्हटलं, समुद्रावरची सफर संपायची. गलबत बंदराला लागलं की हिशेब मिटायचा आणि पुढच्या सफरीला नवा करार व्हायचा. तुमच्या शेअरचं गलबत कधी बंदराला लागतच नाही. आणि एका पोराच्या घामानं दुसऱ्याचा तोटा भरून काढायचा, हे त्या पोराला आपण सांगितलं होतं का?

ते जैन आहेत आणि परिग्रह-परिमाणाचं व्रत पाळतात. आपल्याकडे एकूण किती असावं याची मर्यादा त्यांनी बांधून घेतली आहे, वरचं ते देऊन टाकतात. त्यामुळं ते म्हणाले, "हद्द माणसावर हवी, सौद्यावर कशाला? मी किती ठेवायचं ते माझ्या व्रतानं ठरतं. कराराला त्यात ओढू नका." हे ऐकून मी काही दिवस विचारात होते. व्रत मोठं आहे यात शंका नाही. माझ्या हातून ते झालेलं नाही. पण वरचं कुणाला द्यायचं हे व्रती ठरवतो. ज्या मुलाच्या कष्टातून ते आलं त्याला ते मागण्याचा हक्क नसतो. त्याला दया मिळू शकते, न्याय मिळत नाही. मला त्याच्या हातात हक्क द्यायचा आहे.

आमचं भांडण मिटलेलं नाही. पण हळदीच्या प्रतवारीचं यंत्र करणाऱ्या दोन बहिणींच्या कंपनीत यंदा आम्ही पैसे घातले, तेव्हा त्या करारात दोन कलमं लिहिली, मराठीत, आणि त्या दोघींनी ती मोठ्यानं वाचून दाखवल्यावरच सह्या झाल्या. पहिलं असं की वह्या उघड्या ठेवून, विचारून आणि हयगय न करता धंदा चालवला आणि तरी तो बुडाला, तर गुंतवणूकदारांचं संस्थापकांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे काहीही देणं राहत नाही. घरच्यांचा उल्लेख त्या पाटल्यांमुळं आला. दुसरं असं की आमची मूळ रक्कम तिप्पट होऊन परत मिळाली की त्यानंतर केव्हाही, त्या दिवशीच्या वाजवी किमतीच्या निम्म्या दरानं आमचे उरलेले शेअर विकत घेण्याचा हक्क त्या दोघींचा. तिप्पट हा आकडा सीए मित्रांचा. मी दुपटीवर होते, ते पाचपटीवर. निम्म्या दराला त्यांची अजून हरकत आहे, आणि तशी त्यांनी सहीखाली आपल्या अक्षरात नोंदवून ठेवली आहे.